अंबाबाईची उसण

दसरा होऊन आठ दिवस उलटले आणि अंबाबाईनं कापणीला हात घातला. कशेळ्याच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला तिची दोन खाचरं. वरून ऊन असं की विळ्याची मूठ तापावी, आणि खालची माती मात्र अजून ओलसर, टाच रुतणारी. दुपारपर्यंत निम्मं खाचर आडवं करायचं असं तिनं धरलं होतं. वय बासष्ट, पण हात चालत होता. एका जागी ती वाकली, भाताची मूठ धरली, विळा ओढला, आणि कमरेत कुणी सळई खुपसावी तशी कळ उठली. वर होता येईना की खाली बसता येईना. कशीबशी गुडघ्यांवर आली आणि तशीच भातात आडवी झाली.

तिनं हाका मारून बघितल्या. पण ऐकणार कोण? दोन्ही बाजूंची शेतं शहरातल्या लोकांनी घेतलेली. तारेचं कुंपण, आत बंगले आणि बंगल्यांना कुलपं. शनिवार-रविवार सोडला तर तिथं चिटपाखरू नाही. ऊन कलेपर्यंत ती डोक्यावर पदर ओढून पडून राहिली. शेळ्या घरी वळवत निघालेल्या गावातल्या शुक्राला ती दिसली, तेव्हा कुठं त्यानं खांद्याचा आधार देऊन तिला घरी आणलं.

गावानं तोंडावर पदर धरून हसावं अशीच गोष्ट होती. कारण अंबाबाई पायाळू. आईच्या पोटातून पाय आधी आलेली. अशा माणसाचा पाय लागला की कमरेत भरलेली उसण उतरते असं सगळं गाव मानायचं. लग्न होऊन ती या गावात आली त्या वर्षापासून तिच्या ओटीवर माणसं पालथी पडत होती. ती तीनदा हलका पाय लावायची. मग उठून बसलेलं माणूस चहा प्यायचं, चार गोष्टी सांगायचं. नवरा गेला, मुलगा नीलेश नोकरीपायी भिसेगावात राहायला गेला, तरी तिची ओटी रिकामी पडली नव्हती. पुढं कशेळ्याच्या दुकानात गोळ्या आणि मलम मिळायला लागलं. माणसं यायची थांबली. भांडण नाही, तंटा नाही. काम सरलं, येणं सरलं, एवढंच.

आणि आता तिचीच कंबर धरली. आपला पाय आपल्या पाठीला कसा लावायचा?

नीलेश आला आणि तिला भिसेगावला घेऊन गेला. डॉक्टरांनी फोटो काढला, हाड शाबूत आहे म्हणाले, गोळ्या दिल्या आणि व्यायाम शिकवणाऱ्या जागृतीकडं पाठवलं. पोरगी पंचविशीची, पण हात मायेचा. तिनं अंबाबाईला उताणं निजवलं, गुडघे दुमडायला लावले. एक गुडघा हातांनी छातीशी घ्यायचा, दहा म्हणेपर्यंत धरायचा, मग दुसरा. मग रांगत्या पोरासारखं व्हायचं, पाठ हळूच वर उचलायची, हळूच खाली सोडायची. ताण जाणवला तर चालेल, कळ येता कामा नये. कळ पायात उतरली तर थांबायचं आणि फोन करायचा. नुसतं पडून राहायचं नाही, रोज थोडं चालायचं. ओझं उचलायचं तर कमरेत न वाकता गुडघ्यात बसून.

"संगतीला कोन लागंल का?" अंबाबाईनं विचारलं.

"नाही मावशी. हे एकट्यानंच करायचं असतं."

"मंग जमंल. त्याची सवय हाय आमाला."

जागृती हसली. अंबाबाई हसली नाही.

दोन आठवडे ती लेकाकडं राहिली. नीलेशनं रजा काढून, माणसं लावून भात कापून घेतलं. सून श्रद्धा मनानं चांगली, पण दोघंही सकाळी बाहेर पडायची ती दिवेलागणीला परत. दिवसभर बंद दार आणि वरच्या मजल्यावर वाजणारे पाय. अंबाबाईनं घरी जायचं काढलं. नीलेश म्हणाला, तिथं तुला बघणारं कोण आहे? ती म्हणाली, "हितं तरी कोन बघतंय रं?" दुसऱ्या दिवशी त्यानंच तिला गावी आणून सोडलं.

रोज सकाळी दार लोटून घेऊन ती गोधडीवर उताणी पडायची. आधी लाज वाटली. ह्या वयात जमिनीवर पाय दुमडून पडायचं म्हणजे काय! वर बघितलं की कौलं आणि वासे, दुसरं काही नाही. आकडे म्हणताना मन भरकटायचं, म्हणून ती नावं घ्यायला लागली. त्या ओटीवर पालथी पडून गेलेल्या माणसांची. एक नाव, एक आकडा. दहाव्या नावाला गुडघा सोडायचा. चौथ्या की पाचव्या दिवशी तिच्या ध्यानात आलं की दहातली सहा माणसं आता जगातच नाहीत.

पण कंबर सुटत गेली. आधी मोरीपर्यंत, मग पाराशी, मग बांधापर्यंत ती चालून यायला लागली.

अशात एका सकाळी सोनाबाई दारात उभी. तिचं घर खालच्या अंगाला, साठ पावलांवर. पण चार वर्षांत ती ही पायरी चढली नव्हती. आता चौकट धरून वाकलेली. हंडा उचलताना उसण भरली होती.

"मलम लावलं, काय फरक नाय. पाय लाव गं अंबे."

कितीतरी दिवसांनी कुणी अंबाबाईला अंबे म्हटलं होतं. पाय लावला असता तर सोनाबाई खूश झाली असती. पण तिच्यानं ते होईना.

"माझा पाय माझ्याच उपेगी पडला नाय, तुला कुटून पुरंल?" ती म्हणाली. "ये. माझ्यासंगं आडवी हो."

आधी तिनं जागृतीला फोन लावला. पायाला मुंग्या येतात का, लघवीला त्रास होतो का, हे जागृतीनं विचारून घेतलं. तसं काही नव्हतं. मग दोन दिवस जपून, नंतर हळूहळू सुरू करा, ती म्हणाली. तिसऱ्या दिवसापासून एका गोधडीशेजारी दुसरी पडली. दोघी म्हाताऱ्या गुडघे छातीशी धरून वाशांकडं बघत बोलायच्या. सोनाबाईच्या नातीचं लग्न, मेलेली म्हैस, आटलेली विहीर. बोलण्याच्या नादात दहाचे पंधरा व्हायचे, वीस व्हायचे. नंतर चहा. अंबाबाईनं डब्यात साखर जास्तीची आणून ठेवली.

नऊ दिवस असे गेले. दहाव्या दिवशी सोनाबाई आली नाही. अकराव्यालाही नाही. अंबाबाईनं दुसरी गोधडी अंथरली, वाट बघितली आणि घडी घालून ठेवली. बाराव्या दिवशी नळाशी सोनाबाईचा आवाज ऐकू आला. कंबर पार बरी झाल्याचं ती कुणाला तरी हसून सांगत होती. अंबाबाई दाराआड उभी राहून ऐकत राहिली. बाई बरी झाली याचं तिला बरं वाटलं. आणि जास्तीच्या साखरेचा डबा तिनं फळीवर मागं सरकवला.

चाळीस वर्षं माणसं तिच्या दारी आली होती. ती कुणाच्या दारी बसायला म्हणून कधी गेली नव्हती. तशी वेळच पडली नव्हती, आणि खरं सांगायचं तर थोडा ताठाही होता. सबंध दुपार ती आतबाहेर करत राहिली. ऊन उतरल्यावर तिनं लुगडं सारखं केलं, दाराला कडी घातली आणि साठ पावलं चालून गेली.

सोनाबाई ओटीवर सुपात शेवग्याचा पाला खुडत बसली होती. तिनं मान वर केली.

"काय गं, काय काम काढलंस?"

वाटेत जुळवलेली सगळी कारणं अंबाबाई विसरून गेली.

"काम नाय," ती म्हणाली. "बसाया आले."

सोनाबाईनं सूप बाजूला सरकवलं आणि स्वतः बसली होती ती जागा मोकळी केली.

"हितं बस," ती म्हणाली. "भिंतीला टेकून."