तीन रिव्हॉल्व्हरं आणि भुजंगराव

बोधनकरबाईंच्या बंदुकांच्या दुकानात रिव्हॉल्व्हरचा घोडा मागे ओढला, की गिऱ्हाइकाच्या पाठीमागची भिंत एक पाऊल पुढे येई. घोडा जपून खाली घेतला, की मागे जाई. साताऱ्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून शहाणी माणसं मनाशी ठरवून येत, एकदाच घोडा ओढून बघत आणि वस्तू घेऊन बाहेर पडत.

भुजंगराव नलावडे ठरवून आले नव्हते. सदरा कोणता घालायचा हेसुद्धा ते आयुष्यात कधी ठरवू शकले नव्हते. ते काम त्यांच्या पत्नीचं, कौसल्याबाईंचं. पण उद्या खंडेनवमी होती. नलावड्यांच्या शस्त्रपूजेत ज्याचं हत्यार पाटावर मधोमध, तोच घरातला कर्ता. धाकट्या भावानं नुकतीच दुनळी बंदूक आणली होती. भुजंगरावांकडे मांडायला अडकित्ता होता.

"हे लांब नळीचं," बोधनकरबाई म्हणाल्या. पहिलीच्या पोरांना बेरीज समजवावी, तसा त्यांचा आवाज होता. "हे आखूड. आणि हे पितळी मुठीचं. दर गोळीला घोडा आपल्याच अंगठ्यानं ओढायचा, मग चाप. कळलं?"

"दर वेळी आपणच?"

"नाहीतर काय, गडी येणार आहे ओढायला?" सोबत आलेल्या कौसल्याबाई म्हणाल्या.

भुजंगरावांनी लांब नळीचं उचललं, आरशात पाहून पोट आत घेतलं आणि घोडा ओढला. भिंत पुढे आली.

"वा! काय मर्दानी आवाज आहे!"

"तो रिव्हॉल्व्हरचा आहे," कौसल्याबाई म्हणाल्या.

त्यांनी आखूड घेतलं, घोडा ओढला. बाजूचं दार भिंतीआड अर्धं गेलं. आता भिंतीवरची माणसं स्पष्ट दिसू लागली. कॅलेंडरच्या कागदासारखी चपटी, चांगल्या कपड्यांतली. मागल्या वर्षांची, पसंती न ठरलेली गिऱ्हाइकं.

"आखूड बरं," त्यांतला एक भुजंगरावांच्या कानाशी म्हणाला. "पण लांबही वाईट नाही हो."

"बघ! जाणकार माणूस!" भुजंगराव खूश झाले आणि त्यांनी पितळी मुठीच्याचाही घोडा ओढला.

दाराची फट उरली.

"आता एक पसंत करा," बाई शांतपणे म्हणाल्या. "बाकीच्या दोन्हींचा घोडा अंगठ्यानं घट्ट धरा, चाप दाबा, हळूच खाली सोडा. घाई नाही करायची."

"पण चुकीचं घेतलं तर? धाकटा हसेल."

"तो आजही हसतोच आहे," कौसल्याबाई म्हणाल्या. "चला, मला गुदमरायला होतंय."

त्या आडव्या होऊन फटीतून बाहेर रस्त्यावर आल्या आणि त्यांनी हात आत घातला. "धरा हात, अहो!"

"थांब गं. त्या पहिल्याचा आवाज परत ऐकतो." मघाशी अर्ध्या खाचेवरच अडकलेला लांब नळीचा घोडा त्यांनी पुरता मागे खेचला. भिंत त्यांच्या पाठीला टेकली. सदऱ्याच्या चुण्या एकेक करून सपाट झाल्या.

कौसल्याबाईंच्या तळव्यात हात आला नाही. घोडा ओढलेलं, पितळी मुठीचं रिव्हॉल्व्हर आलं.

"उजेडात धरून सांग, कसं दिसतं," आतून भुजंगरावांचा पातळ आवाज आला. "आणि लक्षात ठेव, अजून काही पक्कं नाही."

कौसल्याबाईंनी अंगठ्यानं घोडा घट्ट धरला. चापावर बोट ठेवलं. हळूच खाली सोडला, की भिंत मागे जाणार होती. आणि भर बाजारात तशाच उभ्या राहिल्या.