चिदंबरचे पंख

लष्करी वैमानिकांच्या छातीवरचे जुने कापडी पंख मी जमवतो. खोटा माल आणणाऱ्याला दारातूनच हाकलतो.

अठ्ठावन्न साली हिराबाई तिरुवैयारूहून बसने तंजावूरला माझ्याकडे आल्या. लढाईत गेलेल्या मुलाचे पंख त्यांनी पुढे ठेवले.

"शेवटपर्यंत त्याच्या कोटावर होते. तुमच्या कपाटात ठेवा. खाली लिहा, चिदंबर, वैमानिक."

मी ते उलटून पाहिले. कडेला सुईचं एकही भोक नव्हतं. दुकानातून आणलेले ते पंख कुठल्याच कोटावर कधी शिवले गेले नव्हते.

"खरे आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"खरे," मी खेकसलो.

त्या गेल्यावर मी सुई घेतली आणि कडेने एकेक भोक पाडत बसलो.