उत्तरेकडे जाणारी बोट

"बोटीतल्या खोलीला खिडकी हवी, की बाल्कनी?" बाईंनी पुन्हा विचारलं.

"तू ठरव," फोरमन म्हणाले आणि त्यांनी पेपरचं पान उलटलं.

"माझं ठरलंय हो. मी तुम्हाला विचारतेय."

"ठरलंय तर विचारतेस कशाला?"

बाईंनी लॅपटॉप इतक्या जोरात मिटला, की टेबलावरचे कप बशीत वाजले. फोरमननी आपला कप उचलून सुरक्षित जागी ठेवला आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. बंदराजवळच्या कोल्ड स्टोरेजमधून निवृत्त झाल्यापासून त्यांचा दिवस असा पेपर, चहा आणि 'तू ठरव' यांत सुखानं जात होता. नोकरी सुटली तरी फोरमन हे नाव सुटलं नव्हतं. बाईही मनातल्या मनात त्यांना फोरमनच म्हणायच्या, विशेषतः राग आल्यावर.

बाई स्वतः दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायच्या. डॉक्टरांकडून रुग्णाच्या जबड्याचा ठसा यायचा, त्यात प्लास्टर ओतायचं, मेणात दात बसवायचे, मग पक्की कवळी करून चाकावर घासून चकचकीत करायची. बाजारातले निम्मे म्हातारे आपण केलेल्या दातांनी आपल्याशी घासाघीस करतात, असं त्या हसून सांगायच्या. काम बारकाईचं, मान मोडणारं. त्यात सासूबाईंचं दुखणं, घरातली लग्नं, दुरुस्त्या. दोघं मिळून कुठं जायचं म्हणजे कुणाच्या तरी लग्नाला नाहीतर कुणाला तरी बघायला इस्पितळात.

पार उत्तरेकडच्या बर्फाळ देशातली ती बोट बाईंना एका डॉक्टरांच्या दवाखान्यात दिसली होती. कवळी पोचवायला गेल्या होत्या. बसायच्या खोलीत टीव्ही चालू होता, आवाज बंद करून. पडद्यावर एक बोट किनाऱ्याकिनाऱ्यानं चालली होती. दोन्ही बाजूंनी डोंगर सरळ पाण्यात उतरलेले, बर्फ थेट लाटांपर्यंत आलेला. मधूनच चार घरांचं गाव, एक धक्का, बोटीची वाट बघत उभी असलेली दोन माणसं. बोट थांबायची, खोकी उतरवायची आणि पुढच्या अरुंद खाडीत शिरायची. बाई पिशवी हातात धरून तिथंच उभ्या राहिल्या. शेवटी काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "काही राहिलंय का?"

"अं? नाही," बाई म्हणाल्या आणि बाहेर पडल्या. पण राहिलं होतं.

तेव्हापासून त्यांनी त्या बोटीची माहिती काढायला सुरुवात केली. हिवाळा संपता संपता जायचं, म्हणजे बर्फही असेल आणि दिवसाचा उजेडही. दोघांनीच जायचं. इथवर सगळं सरळ होतं. चूक एकच झाली. बाईंनी हे वन्संना सांगितलं.

वन्सं म्हणजे फोरमनची थोरली बहीण. त्यांच्या पोटात गोष्ट राहत नाही हे बाईंना ठाऊक होतं, तरी आनंदाच्या भरात बोलून गेल्या. संध्याकाळपर्यंत धाकट्या दिराला कळलं, आणि रात्री जेवणाआधी बाईंच्या फोनवर 'चला उत्तरेला' नावाचा ग्रुप उगवला.

दीर फरश्यांच्या दुकानात मॅनेजर होता. फरश्यांखेरीज जगातल्या प्रत्येक विषयात त्याला गती होती. रोज सकाळी बाई दात घासत असतानाच फोन टुणटुणायला लागायचा. थंडीत नाकातून रक्त येतं. बोटीवर ऐंशी टक्के लोकांना पोटाचा त्रास होतो. वहिनी, तुम्ही लोकरीचे पायमोजे घेताय ते चुकीचे आहेत.

"भावजी, तुम्ही कधी गेलाय का तिकडे?" बाईंनी एकदा फोन लावूनच विचारलं.

"जायला कशाला पाहिजे? वाचलं की कळतं."

वन्संची तऱ्हा वेगळी. "मी येणार गं, भावाबरोबर आता नाही तर कधी जाणार? पण मला बोट लागते."

"तुम्ही कधी बसलात बोटीत, वन्सं?"

"नाही. पण मला झोपाळासुद्धा लागतो."

प्रवास कंपनीच्या ऑफिसातली मुलगी आता बाईंना दारातूनच ओळखायला लागली. पहिल्यांदा बाई दोघांसाठी गेल्या. मग वन्सं आणि दीर धरून चौघांसाठी; जावेनं आधीच नको म्हटलं होतं. मग दिराच्या सासूबाई येणार म्हणून पाच जणांसाठी. मग त्या रुसल्या म्हणून परत चौघांसाठी.

"आता किती जण, मॅडम?" मुलगी विचारायची, आणि उत्तर येईपर्यंत कीबोर्डला हातही लावायची नाही.

"चारच. पण वन्संना मधल्या मजल्यावरची खोली. तिथं कमी हलतं म्हणे. आणि खिडकी नको त्यांना, पाणी दिसलं की मळमळतं."

"समुद्र बघायला जायचंय ना, मॅडम, त्यांना?"

"मला विचारू नकोस गं बाई. मी नुसती निरोप्या आहे."

महिना बदलला तो दिरामुळे. त्याला हिवाळ्यात सुट्टी नव्हती. "उन्हाळ्यात जाऊ. बर्फ काय, तेव्हाही असेल कुठंतरी वर." मग वन्संच्या डॉक्टरांनी उन्हाळ्यात डोळ्याचं ऑपरेशन ठरवलं. पुन्हा तारखा. या सगळ्यात फोरमन सोफ्यावर बसून असायचे, आणि कुणीही काहीही विचारलं तरी त्यांचं उत्तर ठरलेलं. बाईंना दिराचा राग यायचा, वन्संचा यायचा, पण खरी आग व्हायची ती या शांत बसलेल्या माणसाला बघून. माणसानं नको म्हणावं, हो म्हणावं, निदान आदळआपट करावी. भिंतीला धडका तरी किती मारणार?

लॅबमध्ये एकदा विचारांच्या नादात बाईंनी एक कवळी चाकावर इतकी घासली, की पुढचे दोन दात निम्मे झाले. शेजारच्या टेबलावरचा कारागीर चष्मा वर करून म्हणाला, "बाई, आज कुणाचे दात पाडताय?"

"नावं सांगू का?" बाई म्हणाल्या. आणि सगळं काम पुन्हा मेणापासून सुरू केलं.

त्यामुळे त्या दिवशी त्यांना उशीर झाला. दिराच्या घरी सगळे जमणार होते, शेवटचं काय ते ठरवायला. बाईंनी कळवलं, मी येईपर्यंत थांबा. बसमध्ये जागा मिळाली, त्यांनी पर्समधून फोन काढला, आणि बघतात तर ग्रुपचं नाव बदललेलं. 'चला दक्षिणेला.'

खाली फोटो. नारळाची झाडं, निळा पोहण्याचा तलाव, पांढऱ्या खुर्च्या. दिराचा निरोप: 'वहिनी, सरप्राइज! थंडी नाही, बोट नाही, कुणाला त्रास नाही. समुद्र तर आहेच! सर्वांनुमते ठरलं.'

बाई दिराच्या घरी गेल्याच नाहीत. तशाच आपल्या घरी आल्या. चप्पल काढून, दिवा न लावता सोफ्यावर बसून राहिल्या. थोड्या वेळानं फोरमन आले.

"अगं, अंधारात काय बसलीस? आम्ही वाट बघत होतो."

"सर्वांनुमते म्हणजे तुम्हीपण त्यात होतात?"

फोरमननी दिवा लावला.

"तुम्हाला विचारलं असेल ना त्यांनी? काय सांगितलंत?"

"म्हटलं, तुम्ही ठरवा."

"वा!" बाई उठल्या. "वा! सगळी दुनिया माझी बोट बुडवायला निघालीय आणि तुम्ही धक्क्यावर उभे राहून म्हणताय, तुम्ही ठरवा! अहो, एकदा तरी बोला. मला कंटाळा आलाय या घरात एकटीनं बोलायचा. नको होतं तर पहिल्याच दिवशी नको म्हणायचंत. मी काय तुम्हाला बांधून नेणार होते?"

"नको म्हटलं असतं तर तू रद्द केलं असतंस."

"मग?"

"मग काय. तुला जायचं होतं."

बाईंना काही उमगेना. फोरमन खुर्चीवर बसले, बूट काढायला वाकले आणि वाकल्यावाकल्याच बोलले, "मला नाही जमायचं गं तिकडे. बर्फात. मी एकदा आत अडकलो होतो. फ्रीझरच्या खोलीत. दार लागलं बाहेरून."

"कधी?"

"झाली की बरीच वर्षं. आई होती तेव्हा."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तू जाऊ दिलं असतंस का कामावर?" फोरमननी बूट नीट जोडीनं ठेवले. "जावं तर लागणारच होतं. सोड आता."

आणि ते हातपाय धुवायला गेले. नळ बराच वेळ वाहत राहिला.

बाई स्वयंपाकघरात गेल्या, भाजी गरम करायला ठेवली, आणि त्यांना एकेक आठवायला लागलं. हा माणूस ऐन उन्हाळ्यातही फ्रिजमधलं पाणी पीत नाही. त्यांना वाटायचं, घसा. न्हाणीघराची कडी आतून कधी लावत नाही. त्यांना वाटायचं, विसरभोळेपणा, आणि त्यावरून किती बोलल्या होत्या. थेट पाहुण्यांसमोर. त्यांना स्वतःचा राग आला, मग फोरमनचा आला, मग परत स्वतःचा. भाजी खाली लागली.

जेवताना त्या म्हणाल्या, "मी एकटी गेले तर?"

फोरमननी घास गिळला. "जा की," ते म्हणाले. "मी यांच्याबरोबर दक्षिणेला जाईन. कुणीतरी तुझ्या वन्संच्या पिशव्या उचलायला लागेलच."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या मुलीनं बाईंना बघितलं आणि खुर्चीत जरा मागे सरकून बसली. "किती जण, मॅडम?"

"एक."

"एक खोली?"

"एक माणूस. बाल्कनी. हिवाळा संपताना, पहिल्यांदा ठरलं होतं तसंच. आणि कुणाचाही फोन आला तरी बदलायचं नाही."

मुलीनं या खेपेला विचार केला नाही. दोन्ही हातांनी भराभर टाइप करायला लागली.

घरात व्हायचं ते झालं. वन्सं म्हणाल्या, "या वयात एकटी?" दीर म्हणाला, "वहिनी, लोक काय म्हणतील?" मग सुट्टी नसलेल्या दिराला त्याच आठवड्यात दक्षिणेला जाण्यापुरती सुट्टी मिळाली, तेव्हा बाईंनी हसायचं की डोकं आपटायचं यावर थोडा विचार केला, आणि मोजे भरायला घेतले. तेच, चुकीचे.

बोटीवर पहिले दोन दिवस त्यांना समुद्र लागला. वन्संना हे कळता कामा नये, असं ठरवून त्या खोलीत पडून राहिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी डोकं हलकं झालं. दुपारी कर्ण्यावरून सांगितलं, की बोट आता सगळ्यात अरुंद खाडीत शिरतेय, सर्वांनी वर यावं. बाई होते नव्हते ते सगळे कपडे अंगावर चढवून डेकवर गेल्या.

डोंगर इतके जवळ होते, की त्यांच्या कपारींतलं गोठलेलं पाणी वेगवेगळं दिसत होतं. कुठं निळसर, कुठं राखाडी, उन्हाच्या तिरिपेत जुन्या दातासारखं पिवळट. सगळे कठड्याला चिकटले होते. पुढं वळणावर एक गाव दिसत होतं, लाल घरांचं, आणि त्यावर उभा कडा. बाईंना जागा मिळाली, अगदी पुढची. तेवढ्यात फोन वाजला.

फोरमन होते. "बरी आहेस ना?" मागं पाण्यात पोरं ओरडत होती, आणि दिराचा आवाज येत होता, "म्हणावं, इथं शर्ट काढून बसलोय!"

"बरी आहे."

"थंडी आहे?"

"आहे," बाई म्हणाल्या. फोन घेण्यासाठी त्यांनी हातमोजा काढला होता. एवढ्या वेळात बोटं आखडली होती, आणि नखांच्या मुळाशी सुई टोचल्यासारखी कळ येत होती. त्या बोटांकडे बघत राहिल्या. बोट वळण घेत होती.

"अहो," त्या म्हणाल्या, "तेव्हा दार किती वेळ बंद होतं?"

त्यांना वाटलं, आता 'सोड' म्हणतील. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दिराचा आवाज मागं पडत गेला, पोरांचा पडला, नुसता वारा उरला.

"नक्की नाही सांगता येणार," फोरमन म्हणाले. "घड्याळ बघायचं मी बंद केलं होतं. आतली मूठच तुटून हातात आली. आधी दार बडवलं. मग मासळीची खोकी या भिंतीपासून त्या भिंतीला नेली. मग परत आणली. अंग गरम राहावं म्हणून. पुढं पुढं हातात काही धरवेना. मग बोलत राहिलो."

"कुणाशी?"

"तुझ्याशी. भांडत होतो. मोठमोठ्यानं. गप्प बसलो असतो तर झोप लागली असती."

"कशावरून भांडत होतात?"

"आता काय आठवतंय. काहीतरी घरातलंच. ज्यानं सोडवलं तो ट्रकचा ड्रायव्हर म्हणाला, मला वाटलं आत दोघं आहेत."

कठड्याशी एकदम गलका उठला. गाव आलं होतं. सगळ्यांचे फोन वर गेले. शेजारच्या म्हाताऱ्यानं बाईंच्या कोपराला हलकेच हात लावून कड्याकडे बोट दाखवलं. बाईंनी मान हलवली. वाऱ्यानं नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून त्यांनी डोंगराकडे पाठ केली, बोटीच्या रंगवलेल्या लोखंडी भिंतीजवळ गेल्या आणि दुसऱ्या कानावर हात दाबून धरला.

"बोला," त्या म्हणाल्या. "ऐकतेय मी."