फोनचा हात

“फोन कुनाचा व्हता, तेवढं सांग मला,” रुक्मिणीबाई म्हणाल्या. “बाकी काई इचारत न्हाई.”

शहादेवने चहाची बशी नुकती तोंडाला लावली होती. तो त्यांच्या लेकाच्या, सतीशच्या सोबतीचा पाटकरी. माजलगावच्या धरणाखालच्या कालव्यावर दोघं मिळून शेतांना पाणी सोडायचे. सतीशची बॅटरी आणि जेवणाचा डबा ऑफिसात राहिला होता, तो द्यायला शहादेव आला होता आणि बसतो न बसतो तोच हा प्रश्न त्याच्यापुढे आला.

“आईशपथ मावशी, माझा न्हवता. मी त्या दिशी पार खाली कालव्याच्या टेलला गेलतो. हे बगा.” त्याने बशी खाली ठेवली, खिशातून मोबाईल काढला आणि सतरा तारखेचे सगळे कॉल रुक्मिणीबाईंच्या डोळ्यांपुढे धरले. त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं. तरी त्या बराच वेळ त्या काचेकडे पाहत राहिल्या आणि मग मान हलवून त्यांनी त्याला मोकळं केलं.

पंधरा दिवसांत या घरात चहा प्यालेल्या प्रत्येक माणसाने असा आपापला मोबाईल उघडून दाखवला होता. सतीश गेल्यावर झालेल्या जलदानाच्या कार्यक्रमाला आलेल्या पाहुण्यांनी, गल्लीतल्या दुकानदाराने, इतकंच काय, मंडपवाल्यानेही. सतीशच्या स्वतःच्या मोबाईलचा अपघातात चुरा झाला होता, म्हणून लोकांचेच बघावे लागत होते. म्हातारीला कोण नाही म्हणणार? रुक्मिणीबाईंचा हिशेब सरळ होता. ज्याने फोन केला, त्याने त्यांच्या लेकाला रस्त्यात बोलण्यात गुंतवलं. नाहीतर सतीशला मागून येणारा ट्रॅक्टर दिसला असता. तो माणूस कोण, हे कळेपर्यंत त्यांच्या घशाखाली घास नीट उतरणार नव्हता.

आणि तो माणूस नसून बाई असेल, असंही आता गल्लीत बोललं जात होतं. शेजारच्या कौशल्याबाई तर नळावर म्हणाल्याच, “एवढं मन लावून कुनाशी बोलत व्हता म्हनावं!”

वनिताने हे ऐकलं होतं. सतीशची बायको म्हणून तिने चिडायला हवं होतं, निदान हंडा आपटायला हवा होता. तिने हंडा भरला आणि घरी आली. कारण फोन कुणाचाच नव्हता, हे त्या घरात एकट्या वनिताला ठाऊक होतं. तो फोन तिनेच लावला होता.

म्हणजे नंबर दाबून लावला नव्हता. वनिता पवनच्या बातम्यांच्या चॅनेलवर एडिटिंग करायची. लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करता करता तिचा हात बसला होता आणि तीन वर्षांपूर्वी पवनने तिला मोंढ्याजवळच्या आपल्या ऑफिसात बसवलं. चॅनेल यूट्यूबवरचं, ऑफिस एका खोलीचं, पण बघणारे लाखांत. ते लाख कशाने येतात हे वनिताला पक्कं कळलं होतं. रस्त्याकडेला माणूस उभा आहे आणि मागून ट्रॅक्टर आला, एवढं नुसतं दाखवलं तर बघणारा अंगठ्याने सरकवून पुढे जातो. तेच आधी ट्रॅक्टर दाखवा, मग माणूस, मग परत ट्रॅक्टर, जरा जवळून. बघणाऱ्याला पुढचं कळलेलं असतं आणि त्या बिचाऱ्याला कळलेलं नसतं. मग अंगठा जागेवर थांबतो. माणसाभोवती लाल गोल काढायचा. चाल हळू करायची. छातीचे ठोके वाजवायचे आणि धडकेआधी एक सेकंद सगळा आवाज काढून घ्यायचा. त्या एका सेकंदात लोक श्वास धरतात. पवन म्हणायचा, “ताई, तुमच्या त्या एका सेकंदावर आपलं चॅनेल चालतंय.”

आणि कॉम्प्युटरवर एक फोल्डर होता, त्याचं नाव ‘मसाला’. त्यात ब्रेकवरचा पाय, गरगर फिरतं चाक, रस्त्यात पडलेली चप्पल, भिंतीवरचं घड्याळ, असे सुटे शॉट होते. कुठल्याही अपघातात कुठेही लावावेत. त्यातलाच एक ‘फोनचा हात’. कानाशी मोबाईल धरलेला हात, एकदम जवळून. हात पवनचा. दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या गच्चीवर वनितानेच तो शूट केला होता. तेव्हापासून तो हात तीसेक अपघातांत मेला होता.

सतरा तारखेला वडवणी रोडवरच्या एका हॉटेलच्या कॅमेऱ्यातला तुकडा आला. सत्तेचाळीस सेकंदांचा, बिनआवाजाचा. समोरून ऊन, त्यामुळे चित्र पांढरं पडलेलं. रस्त्याच्या कडेला मोटरसायकल लावून एक माणूस उभा, पाठ कॅमेऱ्याकडे, डोक्याला रुमाल बांधलेला, एक हात कानाशी. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येतो, पुढची ट्रॉली त्याला ओलांडून जाते आणि मागच्या ट्रॉलीची पिन निसटते. पुढचं बघण्यासारखं नव्हतं, म्हणजे बघितलं जाण्यासारखं होतं.

हात कानाशी आहे म्हणजे फोन असणार. वनिताने फोनचा हात लावला, दीड सेकंद. गोल काढला, ठोके वाजवले, आवाज काढून घेतला. तिला चाळीस मिनिटं लागली. पवनने मागे उभं राहून बघितलं, “कडक!” म्हणाला आणि सव्वाबाराला व्हिडिओ टाकून दिला. एक वाजायला दहा कमी असताना सरकारी दवाखान्यातून वनिताच्या मोबाईलवर फोन आला. सतीश घरून निघाला तेव्हा त्याच्या डोक्याला रुमाल नव्हता.

ती रडली नाही असं नाही. सगळे रडत होते तेव्हा तिच्याही डोळ्यांतून पाणी आलं. पण दाढ काढायच्या आधी सुई दिल्यावर आपलाच गाल जसा आपला वाटत नाही, तसं तिचं सगळं झालं होतं. लेक करिष्मा बीडहून नर्सिंगच्या होस्टेलवरून आली, गळ्यात पडली, कार्यक्रम झाल्यावर परत गेली. वनिताने तिला चिवडा बांधून दिला. भाकरी थापताना तिचे हात चालायचे, आणि ते चालतात याचंच तिला नवल वाटायचं.

तिसऱ्या दिवशी घरावरून उसाचा एक ट्रॅक्टर गेला. टपावर चार भोंगे, गाणी अशी की मांडणीवरची भांडी थरथरली. आणि वनिताला कळलं. सतीशच्या उजव्या कानाचा पडदा लहानपणीच फाटलेला. मोठा आवाज झाला की कानात कळ जायची. ट्रॅक्टर गेला की तो अंगणात तसाच उभा राहायचा, तळहात कानावर दाबून, गाणं लांब जाईपर्यंत. हॉटेलच्या कॅमेऱ्याने आवाज घेतला नव्हता. गाणं गेलं आणि कानाशी नुसता हात राहिला.

शहादेव आला त्याच्या दुसऱ्या दिवशी वनिता ऑफिसला गेली. पवन खुर्चीवरून उठून उभा राहिला. त्याला हात कुठे ठेवावेत ते कळेना.

“ताई, मी तवाच काडला व्हिडिओ. कळल्या कळल्या. पन तवर लई ठिकानी गेलता. लोकं उचलत्यात.”

“खुलासा टाका, भाऊ. त्यांच्या हातात फोन न्हवता म्हनून.”

“टाकतो की.” तो थांबला. “पन मग लोक म्हनतील, आमी फोन बघितला ह्या डोळ्यांनी. त्यो कुठून आला? मला शिव्या खायला काई न्हाई ताई, सवय हाय. तुमचं काय? घरी म्हातारी हाय.” त्याने आवाज खाली आणला. “आपन दोघंच जानतो. ऱ्हाऊ द्या ना.”

राहू द्यावं असं वनितालाही वाटत होतं. चार महिने जातील, लोक विसरतील, म्हातारीही थकेल. पण घरी रुक्मिणीबाई दाराशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याचे मोबाईल बघत होत्या आणि नळावर सतीशला कुणीतरी बाई जोडून दिली गेली होती. तो मेला होता आणि तरी त्याचं नाव खराब होत होतं. ते काम चाळीस मिनिटांत वनिताने केलं होतं. तिला याचं दुःख व्हायला हवं होतं. नुसतं कळत होतं.

“टाका खुलासा,” ती म्हणाली. “मी घरी सांगते.”

सांगणं लगेच काही झालं नाही. दुपारी ती घरी आली, पाणी प्याली, आणि रुक्मिणीबाईच म्हणाल्या, “वनिता, त्यो पिच्चर मला दाव.”

आजवर त्यांनी तो बघितला नव्हता. कुणी मोबाईल पुढे केला की त्या पदर तोंडावर घ्यायच्या. आज चष्मा पुसून बसल्या होत्या.

“आत्या, कशाला?”

“दाव म्हनते ना. समद्या गावानं बघितला. मी मायच का ऱ्हावू?”

कुणीतरी वनितालाच पाठवलेला व्हिडिओ तिच्या मोबाईलमध्ये पडून होता. तिने तो लावला आणि मोबाईल त्यांच्या हातात दिला. ट्रॅक्टर आला. लाल गोल आला. ठोके सुरू झाले. रुक्मिणीबाईंनी श्वास वगैरे काही धरला नाही. त्या मुलाच्या पाठीकडे बघत होत्या, बाकी कशाकडेच नाही. मग फोनचा हात आला.

“थांबव.”

वनिताने थांबवला.

“मागं घे. हां. ह्यो हात कुनाचा हाय?”

त्यांनी मोबाईल चष्म्याजवळ नेला.

“ह्याची बोटं पुरी हायेत,” रुक्मिणीबाई म्हणाल्या.

आठ वर्षांपूर्वी कालव्याचं दार उचलताना सतीशचं उजव्या हाताचं पहिलं बोट दातेरी चाकात गेलं होतं. अर्धंच राहिलं होतं. त्या अर्ध्या बोटाचा हात वनिता रोज ताटात बघायची. व्हिडिओतला हात तिने पंधरा दिवसांत शंभरदा तरी आठवला होता, पण त्याची बोटं मोजावीत हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. लाखो लोकांच्याही आलं नव्हतं.

“ह्यो सतीश न्हाई,” रुक्मिणीबाई म्हणाल्या. “मग फोन कुनी लावला?”

“मी लावला.”

म्हातारीने चष्म्यावरून वर पाहिलं. “तू फोन केल्ता त्याला?”

“न्हाई आत्या. केला न्हाई. लावला. हितं मदी, कॉम्प्युटरवर. हात पवनभाऊचा हाय. त्यांच्या हातात फोन न्हवता. ट्रॅक्टरवर गानी व्हती, म्हनून त्यांनी कान झाकला व्हता.”

“फोन न्हवताच?”

“न्हवताच.”

रुक्मिणीबाईंचे खांदे खाली आले. पंधरा दिवस जे धरून ठेवलं होतं ते हातातून सुटलं आणि त्या भिंतीला टेकल्या. त्यांना बरं वाटलं हे स्पष्ट दिसत होतं. लेक कुणाच्या नादाने गेला नव्हता. कडेला उभा होता, कान दुखत होता, एवढंच. मग हळूहळू दुसरी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली.

“हे तू कवा केलंस?”

“त्याच दिशी. दवाखान्यातून फोन यायच्या आदी.”

“मंजी समोर त्योच व्हता.”

“व्हय.”

“किती येळ बघत बसलतीस?”

“चाळीस मिनटं.”

“आन् तुला वळखू आला न्हाई?”

पाठ होती, ऊन होतं, रुमाल बांधला होता. सगळं खरं होतं आणि सगळं सांगता आलं असतं. वनिताने तोंड उघडलं, तेव्हा एकच शब्द बाहेर आला.

“न्हाई.”

रुक्मिणीबाईंनी मोबाईल तिच्या हातात परत दिला, चष्मा काढून मिटला आणि त्या आतल्या खोलीत जाऊन पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वनिता चुलीपुढे होती. बाहेर ओट्यावर कौशल्याबाईंचा आवाज आला. पवनने खुलासा टाकला होता आणि तो त्यांच्यापर्यंत पोचला होता.

“काय गं रुक्मिन, फोन न्हवताच म्हनं?”

“न्हवता. गान्यानं त्याच्या कानात कळ गेली, म्हून हात धरला व्हता. कडंला हुबा व्हता माजा लेक. कुनाशी बोलत न्हवता.”

“आगं पन आमी बघितला की त्यो फोन धरल्याला हात! त्यो कुनाचा मग?”

तव्यावरची भाकरी उलटायची वेळ झाली होती. वनिताचा हात वरच्या वर राहिला.

“आसंल कुनाचाबी,” रुक्मिणीबाई म्हणाल्या. “पिच्चरवाले कायबी दावत्यात. आमच्या घरात कुनाला ठावं?”

“तुजी सून तितंच कामाला हाय ना?”

“तिला काई ठावं न्हाई. तिचं नाव घिऊ नको, कौशल्ये.”

कौशल्याबाई आणखी थोडं रेंगाळल्या आणि गेल्या. वनिताने भाकरी उलटली. एका बाजूने ती करपली होती. घशात काहीतरी दुखायला लागलं, नीट, जागच्या जागी, आणि तिला ते बरं वाटलं. तिने दुसरी भाकरी केली, ताट घेतलं, पिठलं, भाकरी, कांदा वाढला आणि पंधरा दिवस ठेवत होती तसं ते सासूच्या जागेपुढे ठेवलं.

रुक्मिणीबाई आत आल्या. त्यांनी ताटाकडे पाहिलं. मग मांडणीवरचं दुसरं ताट काढलं, पदराने पुसलं, आपल्या हाताने टोपलीतली करपलेली भाकरी घेतली, पिठलं वाढून घेतलं आणि दाराकडे तोंड करून जेवायला बसल्या. वाढलेलं ताट मधे तसंच राहिलं. थोड्या वेळाने वनिताने ते आपल्या पुढ्यात ओढून घेतलं.