पुसलेली खूण

"साहेब, पाय," तपासणी विभागाच्या बाई म्हणाल्या.

साहेबांनी टेबलाखाली पाहिलं. त्यांचा उजवा बूट गालिच्यावर पुढे-मागे घासत होता. सांडलेलं काहीतरी कोणाच्या नकळत पुसून टाकावं तसा. त्यांनी पाय आखडून घेतला.

"कधीपासून चाललंय हे?"

"आज म्हणाल तर मोठे साहेब आत आल्यापासून. एरवी म्हणाल तर मी इथे लागल्यापासून." बाई हसल्या नाहीत. "खाली सगळ्यांना माहीत आहे. साहेबांचा पाय हलला, की गिऱ्हाइकाला काहीतरी गोड सांगणं चाललंय."

मोठे साहेब नुकतेच बाहेर गेले होते. टेबलावर अंगठ्याएवढी पितळी झडप होती आणि तिच्याशेजारी तपासणीचा कागद. पाणी तापवायच्या गॅसच्या यंत्रात ही झडप बसते. ज्योत विझली, की साठ सेकंदांच्या आत तिनं गॅस तोडायचा. बारा नमुने तपासले होते. अकरा वेळेत बंद झाले. सातव्यानं चौसष्ट सेकंद घेतले.

"चार सेकंदांत कोण मरतंय?" मोठे साहेब म्हणाले होते. "सातवा नमुना हरवला. झालं! बाई नवा कागद करतील, तू सही ठोक. गाड्या भरून उभ्या आहेत, चॅम्पियन. आणि पुढच्या महिन्यात माझी खुर्ची रिकामी होतेय, हे काय मी तुला सांगायला हवं?"

साहेब "बघतो" म्हणाले होते. तेव्हाच पाय सुरू झाला असावा.

"पाचपर्यंत सांगा," बाई म्हणाल्या. "नवा कागद मी करणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून करून घेता येईल."

त्या गेल्या. झडप तिथेच राहिली.

*

तोच चेंडू, पहिल्यांदा. कंपनीच्या वार्षिक समारंभात, माइकसमोर, साहेब दरवर्षी:

"मित्रांनो, टेनिसचा सामना, तिसरा सेट. मॅच पॉइंट समोरच्याचा. लोक उठून निघाले होते. पण मला सगळे 'भिंत' म्हणायचे, आणि भिंत कधी घरी जात नाही!" (हशा.) "एक चेंडू बाहेर गेला आणि नशीब फिरलं. तो सामना जिंकून मी मुख्य फेरीत गेलो. तिथे आपल्या संस्थापकांनी मला पाहिलं आणि विक्री विभागात नोकरी दिली. सांगायचं एवढंच, शेवटच्या चेंडूपर्यंत सोडायचं नाही."

(टाळ्या.)

*

फोन सकाळी आला होता, साहेब गाडीतून उतरताना.

"ओळखलंत का? मी डावऱ्याची ताई."

डावरा. डाव्या हातानं खेळणारा, पातळ, उन्हात डोळे बारीक करणारा. ताई प्रत्येक सामन्याला पाण्याची बाटली घेऊन कडेला बसायची आणि समोरच्याचा चेंडू जाळीत गेला, की त्यालाही "अरेरे" म्हणायची.

"काल गेला तो. सगळं उरकलं. त्याच्या खोलीत कपाटाच्या दाराला आतून तुमचा नंबर चिकटवलेला सापडला, म्हणून म्हटलं कळवावं. नंबर बदलला, की जुन्यावर नवा चिकटवायचा. तीन कागद आहेत एकावर एक."

"मला कधी फोन नाही केला त्यानं."

"मीही विचारायची, करत का नाहीस रे? तर म्हणायचा, मी कशाला करू, तो करेल." मग ताईनं विचारलं, "काही राहिलं होतं का तुमच्यात?"

"नाही, ताई. तसं काही नाही."

गाडी लावायच्या जागेत सिमेंट होतं. त्यावर बूट घासल्याचा आवाज साहेबांना स्वतःलाच ऐकू आला.

*

तोच चेंडू, दुसऱ्यांदा. बायकोला सांगितलेला, लग्नानंतर वर्षभरानं, भाजी निवडता निवडता:

"जवळचा होता गं. अगदी रेषेपाशी. मला बाहेर दिसला, मी बाहेर म्हटलं. चूकही असेल. माणूस आहे."

"मग एवढं काय मनाला लावून घेतोस? त्यानं तक्रार केली का?"

"नाही."

"झालं तर मग."

तिचं म्हणणं बरोबर होतं. फक्त तिला अर्धाच चेंडू सांगितला होता.

*

साडेचारला साहेबांनी बाईंना बोलावलं. बाई उभ्याच राहिल्या.

"लाल मातीवर खेळलेलं पाहिलंय कधी?"

"टीव्हीवर. का?"

"तिथे चेंडू टेकला, की खूण उठते. लहान स्पर्धेत पंच नसतो. आपल्या बाजूचा चेंडू आत की बाहेर, ते आपणच सांगायचं. समोरच्याला शंका आली तर तो जाळीपलीकडून येऊन खूण बघू शकतो. म्हणून शहाणा खेळाडू खुणेभोवती रॅकेटनं गोल काढतो. बघ बाबा, ही बघ."

"आणि खूण पुसली गेली तर?"

"पुसणारा पॉइंट हरतो. त्यानं बघण्याआधी तुम्ही पाय फिरवलात, तर पॉइंट त्याचा. लहान पोरालाही माहीत असतं."

बाईंनी टेबलाखाली पाहिलं. मग कागदाकडे. मग झडपेकडे.

"मग तुम्ही हरलात?"

"तिथेच तर घोळ आहे, बाई."

*

तोच चेंडू, तिसऱ्यांदा. कोणाला सांगितलेला नाही.

मॅच पॉइंट डावऱ्याचा. त्याचा चेंडू 'भिंती'च्या, म्हणजे साहेबांच्या, उजव्या कोपऱ्यात पडला. रेषेवर. अर्धा पांढऱ्यावर, अर्धा मातीवर, म्हणजे आतच. खूण अशी स्वच्छ, की छाप मारल्यासारखी. भिंतीनं ती पाहिली. तोंडानं "बाहेर" म्हटलं आणि त्याच वेळी उजवा पाय खुणेवरून फिरला. आधी तोंड की आधी पाय, हे त्याला पुढे कधीच ठरवता आलं नाही.

डावरा जाळीपर्यंत आला. त्यानं चेहऱ्याकडे पाहिलं नाही, पायाकडे पाहिलं. बराच वेळ. पॉइंट त्याचा होता, सामना त्याचा होता. नुसतं बोट दाखवायचं होतं.

"बाहेर?" त्यानं विचारलं.

"बाहेर."

तो तरीही उभा होता. चिडलेला नव्हता. दारावर टकटक करून आतल्या माणसाला यायला वेळ द्यावा, तसा उभा होता.

मग म्हणाला, "बरं." आणि मागे गेला.

त्यानंतर त्याला एकही चेंडू धड मारता आला नाही. पुढच्या वर्षी त्यानं खेळ सोडला. भिंतीला नोकरी लागली, केबिन मिळाली, केबिनला गालिचा आला. आणि गेली एकतीस वर्षं प्रत्येक बैठकीत टेबलापलीकडे कोणीतरी उभं राहून पायाकडे पाहत असतं. घाई न करता. आज तो मेल्याचं कळलं, तरी सकाळपासून तो हलला नव्हता. उलट थोडा पुढे आला होता.

*

"पाच वाजले," बाई म्हणाल्या.

साहेबांनी कागद ओढला. लाल पेन उघडलं. सातव्या ओळीतल्या चौसष्टभोवती सावकाश गोल काढला. हात इतका सवयीनं फिरला, की बाईंना नवल वाटलं. शेजारी लिहिलं: बाहेर. खाली सही केली. झडप उचलून कागदावर ठेवली.

"गाड्या रिकाम्या करायला सांगा. सगळा माल पुन्हा तपासायचा. मोठ्या साहेबांना मीच सांगतो."

"ते तुम्हाला ठेवायचे नाहीत."

"नाही ठेवणार."

बाई दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "त्या समोरच्या खेळाडूला फोन का नाही करत?"

साहेबांनी लाल पेनाला टोपण लावलं. बाई गेल्या.

मोठ्या साहेबांशी बोलणं चार मिनिटांत आटोपलं. आवाज फक्त पलीकडून आला.

सहाला सफाईच्या मावशी आल्या तेव्हा साहेब दोन्ही पाय वर घेऊन, मांडी घालून खुर्चीत बसले होते. बूट बाजूला काढून ठेवलेले.

"हे हो काय, साहेब? पाय दुखतात?"

"नाही, मावशी."

"मग उतरा खाली. तुमच्याच खुर्चीखालचा गालिचा विरतो बघा. दोनदा बदलला, तरी तिथेच विरतो. उंदीर लागलेत म्हणावं, तर कुरतडल्याची खूण नाही." त्यांनी ब्रश पुढे केला. "सरा, झाडून घेते."

"तेवढी जागा आज राहू द्या. पुसू नका."

मावशींनी वाकून पाहिलं. उजव्या बाजूला वीतभर गालिचा झिजून खालचे धागे दिसत होते. बाकी तिथे काहीच नव्हतं.

"बरं," मावशी म्हणाल्या, आणि ब्रश घेऊन त्या जागेला वळसा घालून पलीकडे गेल्या.