बदलीवाल्या साहेबाची खाट

मले जुन्या वस्तूचं याड होतं. होतं म्हनते, पन गेलं असं काही छातीठोक सांगत नाई. वर्ध्याच्या आठवडी बाजारात बाकीच्या बाया भाजीपाला घेत, बांगड्या भरत. मी मात्र सरळ मागच्या अंगाले जायची, जिथं जुनंपुरानं सामान गोनपाटावर मांडून ठेवत तिथं. आमच्या घरी तीन पायाचा चौरंग होता, झाकन नसलेला पानाचा डबा होता, अन् एक भिंतीवरचं घड्याळ होतं, त्यात सदा साडेचार वाजलेले. आमच्या घरचे, म्हंजे अण्णाजी, कापसाच्या जिनात कामाले होते. ते आल्यागेल्याले सांगत, आमच्या घरी कव्हाबी या, च्याचीच वेळ असते.

मी चिडायची. पन दुसऱ्या बाजारी पुन्हा तिथंच. माह्या नजरेतून खोटा माल सुटत नाई, मले कोनी फसवू शकत नाई, असं मी गल्लीभर सांगत फिरायची. अति शहाना त्याचा बैल रिकामा म्हनतात, ते मले लागू नाई असं वाटायचं.

त्या साली आमच्या पोरीचं, वच्छलाचं लगन जमलं. पवनारच्या शकुबाईचा पोरगा, श्रावण. घरची थोडी शेती, पोरगा सरळ. शकुबाईचा मालक त्याच हिवाळ्यात गेलता, अन् घरात मयत झाली का लगन वर्षाच्या आत करा, नाई तं तीन वर्ष थांबा. म्हनून त्याईले घाई होती. वैशाखातली तारीख धरली.

आता आंदनाचं पाहा. पोरीले सासरी जे सामान देतो ते मांडवात सगळ्याइसमोर मांडून ठेवा लागते, अन् वरपक्षाच्या बाया ते हात लावू लावू पाहतात. माह्या लगनात माह्या बापानं दोन भांडे अन् एक सतरंजी देल्ली होती. माह्या सासूनं त्या सतरंजीवरून मले मरेपर्यंत टोमने मारले. मले लेकरं झाले, मी म्हातारी व्हाले आली, पन ते बोलनं काळजातून गेलं नाई. म्हनून म्या देवासमोर ठरवलं होतं का माह्या पोरीले तिच्या आंदनावरून कोनी एक शब्द बोलला नाई पाह्यजे. माह्यासाठी ते लगन म्हंजे तेवढंच होतं.

भांडे जमले. लुगडे जमले. पन माह्या मनात खाट भरली होती. सागाची, निवारीच्या पट्टीनं विनलेली खाट, वर गादी. आमच्यात तव्हा पोरीले खाट देनारे मोठे लोकच. जिनातल्या पगारात नवी खाट कुठून येते? पन मी कोन? मी देवकाबाई, जुन्या बाजाराची रानी!

रूपराव नावाचा एक जुनं सामान इकनारा होता, गोड बोल्या. त्याच्याकडं म्या ती खाट पाह्यली अन् माह्या तोंडाले पानी सुटलं. कातीव पाय, पांढरीफेक निवार, कुठं डाग नाई, कुठं ढिली नाई. वर गादी, उशी. बाजूले एक तांब्या, एक कंदील, एक छत्री, एक चपलाचा जोड. म्या इचारलं, कोनाचं सामान? तो म्हने, नागपूरले बदली झालेल्या साहेबाचं. सगळं एकाच वक्ती घेतलं तं सस्त्यात देतो म्हने.

आता तुमीच सांगा, डोळे असनाऱ्या मानसानं काय इचार केला असता? उशी एकच. म्या म्हनलं, साहेब बिनलग्नाचा असन. छत्रीची घडीसुद्धा मोडली नव्हती. म्या म्हनलं, साहेब पावसात कायले जाते. चपलाच्या तळव्याले धूळ नाई. म्या म्हनलं, साहेब मोटारीत फिरत असन. साहेब किती टापटिपीचा, किती मोठ्या घरचा, हे मी घरी येईपर्यंत गाडीवाल्यालेच सांगत होती. चपला जावयाले होतील म्हनून म्या वेगळ्या बांधून ठेवल्या.

अण्णाजीनं सामान उतरवलं. खाटीभोवती एक चक्कर मारली. चपला उलट्यापालट्या करून पाह्यल्या अन् मले म्हनाले, "देवका, तुहा साहेब नागपूरले अनवानी गेला काय?"

म्या त्याइले चांगलं सुनावलं. तुमाले पारख नाई, तुमी आपल्या सरक्या मोजा म्हनलं. ते गप बसले. त्याइची ही एक सवय वाईट होती, मी चुकत असली का ते गप बसत.

लगन लागलं. जेवनं झाले. मांडवात आंदन मांडलं. मधोमध खाट, वर गादी, उशी, उशापाशी तांब्या अन् कंदील, पायथ्याशी चपला, अन् छत्री खाटीले टेकवून. हे असं मांडायची अक्कल माहीच. दुसऱ्या कोनी असं मांडलं असतं तं मी त्याले वेड्यात काढलं असतं. आमच्या बाजूच्या बाया म्हने, देवकाबाई, तुमी तं कमालच केली. मी नाकानं कांदे सोलत उभी.

श्रावणचा काका रामाजी पान खात खात आला. खाटीजवळ आला अन् त्याचं तोंड थांबलं. खाट पाह्यली, तांब्या पाह्यला, चपला पाह्यल्या. मंग दोन पावलं मांगं सरकला.

"हे तं शय्यादानाचं सामान हाय," तो म्हनला.

झालं. मानूस मेला का त्याच्या तेरवीले खाट-गादी, छत्री, चपला, पान्याचा तांब्या, कंदील असं सगळं कोरं बामनाले दान देतात. मेलेल्याले वरच्या वाटेनं लागते म्हनून. बामनाच्या घरात तरी किती खाटा मावतील? तो इकून टाकते. हे लहान लेकराले ठाऊक असते. मलेबी ठाऊक होतं. माह्या सासऱ्याच्या तेरवीले म्या सोता छत्री अन् चपला ठेवल्या होत्या. पन सस्त्याच्या नादात, मायबाई, माह्या डोळ्यावर कातडं आलं होतं.

बाया खाटीपासून अशा सरकल्या का पदरसुद्धा आवरून घेतले. कोनी म्हने अपशकून, कोनी म्हने पोरीले मयताच्या खाटीवर झोपवता काय. वच्छला मुंडावळ्या बांधलेली, तिनं माह्याकडं पाह्यलं.   माह्या सासूले निदान सतरंजीच भेटली होती बोलाले. म्या माह्या पोरीच्या सासरले जलमभराचं बोलनं इकत आनून देल्लं होतं.

रामाजी अजून खाट पाहूनच राह्यला होता. त्यानं गादीचा कोपरा उचलला अन् त्याचा रंगच उतरला. वयनीले बोलवा म्हने.

शकुबाई मांडवात नव्हती. मालक गेलेला, म्हनून पोराच्या लगनात ती मांगं निंबाखाली बसून होती, अक्षदा पडल्या तव्हाबी समोर आली नाई. ती आली. पदर डोक्यावरून घेतलेला. तिनं गादीच्या कडेवरून हात फिरवला, टाक्यावरून. लाल सुताचे जाड टाके होते, म्या ते रंगीत काठ समजून मिरवले होते.

"हे टाके माहे हाय," ती म्हनली. "रूई मी पिंजली."

मले धरनी पोटात घेईन तं बरं असं झालं. वर्ध्याच्या बाजारात इतके मेले असतील, इतक्या खाटा असतील, अन् म्या आनली ती जावयाच्या बापाची. मी पुढं गेली, तिच्या पायाशी बसली. इहीनबाई, मी मूर्ख हाय म्हनलं, मले जे बोलाचं ते बोला, मारा, खाट आत्ता जाळून टाकते, पन माह्या पोरीले काही म्हनू नका. तिचा काही दोष नाई. मी रडून राह्यली होती अन् मले कोन पाहते याची शुद्ध नव्हती.

शकुबाई माह्याकडं पाहतच नव्हती. ती खाटीलेच पाहत होती.

"चाळीस वर्ष मानूस भुईवर झोपला," ती म्हनली. "थंडीत वावरात, पोत्यावर. खाट घ्या म्हनलं का म्हने, पुढच्या साली. मेला तव्हा म्या घेतली. लोक पाहून राह्यले होते ना."

रामाजीनं मंदी तोंड घातलं. वयनी, दान देल्लेली वस्तू वापस घेता येत नाई, पाप लागते म्हने.

"म्या कुठं वापस घेतली?" ती म्हनली. "इहीनबाईनं इकत आनली."

अन् ती त्या खाटीवर बसली. भर मांडवात, सगळ्याइसमोर, जी बाई दिवसभर निंबाखालून हलली नव्हती ती. पहिले काठाशी, मंग जरा मांगं सरकून. निवार करकरली. तिनं गादी दाबून पाह्यली, जशी आपली नसलेली वस्तू पाहतो तशी. मंग वच्छलाले हात केला.

"ये वं पोरी. म्याबी याच्यावर कधी बसून नाई पाह्यलं."

वच्छला गेली अन् तिच्या बाजूले बसली. रामाजी तोंडातलं पान गिळून बसला. मी तशीच खाली, शकुबाईच्या पायाशी, अन् मले लय रडू आलं. अण्णाजी मांगून येऊन उभे राह्यले, पन काही बोलले नाई. अन् सांगाले लाज वाटते बाप्पा, पन त्या रडन्यातबी माह्या मनात आलंच, का दोघी बसल्या तरी खाटीचा एक पाय हलला नाई, माल म्या चांगलाच पाहून घेतला होता.