तीन बोटांचं जाळं

निरीक्षकाने पितळी पट्टी जाळ्याच्या आसात घातली. चार गाठींमधल्या त्या चौकोनातून ती सरळ पलीकडे जायला हवी होती, पण निम्म्यातच अडली. त्याने दुसरा आस धरला, मग पार दुसऱ्या टोकाचा. पट्टी काही पुढे सरकेना.

"सहा मिलिमीटर कमी आहे," तो म्हणाला. "एवढ्यातून पिल्लं निसटत नाहीत. जप्त करावं लागेल."

मच्छीमार नावेच्या काठावर बसून हसला.

"गाठ ओळखली नाहीत का साहेब?"

ओळखली होती. शेवटचा फेर डावीकडून घेऊन आवळलेली अशी गाठ त्या नदीकाठी एकच माणूस मारायचा, आणि त्याच्याच घरात निरीक्षक लहानाचा मोठा झाला होता.

"अण्णांकडून मुद्दाम विणून घेतलं. म्हटलं, निरीक्षकाच्या बापाचं जाळं, हात कोण लावतोय! आता सोडलंत तर सगळे म्हणतील, आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं."

"इथे सही करा."

सही करता करता 'दिव्याखाली अंधार' एवढं मच्छीमार पुटपुटलाच. निरीक्षकाने या नोकरीत शिव्या खाल्ल्या होत्या, एकदा दगडही खाल्ला होता. पण हे जास्त लागलं. नियम नव्हता तेव्हापासून अण्णांचं माप ठरलेलं होतं: डाव्या हाताची तीन बोटं. पिल्लू सुटलं पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी काय पाणी विकणार, असं ते गिऱ्हाइकालाच सुनवायचे. म्हातारपणी बुद्धी फिरली की काय? त्याला बापाचा भयंकर राग आला.

दुपारी तो तडक घरी गेला. अण्णा दाराशी उजेडात बसून नवं जाळं विणत होते.

"अण्णा, माप कधीपासून कमी केलंत?"

"कोण म्हणतो कमी केलं? हे बघ." त्यांनी तीन बोटं आसात घातली. बोटं अलगद आत गेली. "घाल तुझी."

त्याने घातली. दोन गेली, तिसरं अडलं.

अण्णांनी आपला हात त्याच्या हाताशेजारी ठेवला. बाप-लेकाचे हात एका साच्यातले, असं सगळे म्हणायचे. आता अण्णांच्या हाडांवर नुसती कातडी होती. रोज समोर बसून जेवताना निरीक्षकाला हे दिसलं नव्हतं. लोकांची जाळी तेवढी तो मोजत हिंडला होता. त्याला स्वतःची लाज वाटली.

"किती कमी भरलं?" अण्णांनी विचारलं.

"सहा."

"ते उन्हाळ्यातलं." त्यांनी मांडीवरचं जाळं ताणून धरलं. "आणि हे?"

त्याचा हात उचलेना. तेव्हा अण्णांनीच त्याच्या खिशातून पट्टी काढली, लावली आणि डोळे बारीक करून खुणा वाचल्या.

"नऊ," ते म्हणाले.

मग अण्णांनी सुईतला दोरा तोडला.

"ते जाळं कापून टाक. माझं आहे म्हणून ठेवू नकोस. हेही घेऊन जा."

"उद्या आपण मोठ्या डॉक्टरांकडे जाऊ."

"जाऊन आलोय मी." अण्णांनी आवाज खाली आणला. "आईला यातलं काही बोलू नकोस. गोळ्या लागू पडतायत असं वाटतंय तिला."

त्याने मान डोलावली आणि पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेला.

आई खिडकीपाशी अण्णांचा सदरा घेऊन बसली होती. दोन्ही बाजूंची शिवण उसवून ती कापड चांगलं चार बोटं आत घेत होती. तसेच आत घेतलेले दोन सदरे बाजूला घडी करून ठेवले होते.

"दार लोटून घे," ती हळूच म्हणाली. "त्यांना कळू देऊ नकोस. सदरे अजून अंगाला नीट बसतात म्हणून खूश असतात रे."